खालची कड उघडी ठेवा

परवा तुमच्या बाबाचा फोन आला. तुमच्या माळ्यावरच्या खोलीत छतातली खिडकी गळते आणि खालची गादी ओली होते, असे तो सांगत होता. मी विचारले, "मग काय केलंस?" तो मोठ्या अभिमानाने म्हणाला, "सिलिकॉन भरलं. चारी बाजूंनी. एक फट ठेवली नाही."

मी फोन ठेवून दिला. त्याला वाटले लाइन गेली. लाइन गेली नव्हती. मी अजून दोन मिनिटे बोलले असते तर सातासमुद्रापलीकडे राहणाऱ्या, केस पांढरे झालेल्या मुलाला गाढव म्हणाले असते, आणि तुम्ही दोघे मागे उभे राहून ऐकत असता.

इंग्रजीत लिहिले असते तर तुम्हाला वाचायला सोपे गेले असते, हे मला माहीत आहे. माझे सगळे शिक्षण इंग्रजीत झाले. पण रागवायला मला मराठीच लागते. तेव्हा सावकाश वाचा, अडेल तिथे आईला विचारा. बाबाला विचारू नका.

लग्न होऊन मी ज्या घरात आले त्या घराचा नाशिकजवळ सातपूरला खिडक्यांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, पट्ट्या कापायची दोन मशिने आणि ॲल्युमिनियमच्या लांबलचक पट्ट्यांचे ढीग. मालक दोघे, तुमचे आजोबा आणि त्यांचे थोरले भाऊ. थोरल्यांना मी भाऊजी म्हणत असे. भाऊजी गिऱ्हाईक आणत, आजोबा माल बनवून घेत, आणि मी ऑफिसच्या खोलीत बसून रेघा ओढत असे. फिजिक्समध्ये पदवी घेतल्यावर लग्नाआधी मी एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्रॉइंगचे काम शिकले होते, ते असे कामी आले.

भाऊजींनी मला कधी नावाने हाक मारली नाही. "आमच्या इंग्लिश मॅडम" म्हणायचे, आणि गिऱ्हाईक समोर असले की जरा मोठ्याने. परदेशी कंपन्यांचे कॅटलॉग आले की माझ्या टेबलावर आदळायचे. "मॅडम, वाचा आणि सांगा, गोरे काय म्हणतात ते." मी वाचून सांगायची. ऐकून घ्यायचे, पान थुंकायचे आणि म्हणायचे, "ते गोऱ्यांना ठीक आहे."

नव्वदच्या दशकात आमचे बहुतेक काम सरकत्या खिडक्यांचे होते. गंगापूर रोडला इमारती उठत होत्या आणि प्रत्येकीला त्याच खिडक्या हव्या होत्या. त्यात डोके लागत नसे. पुढे दोन हजार सालानंतर धरणाच्या बाजूला लोकांनी फार्महाऊस बांधायला घेतली आणि छपरावर शिंगल आली. तुमच्या घरावर आहे तीच. डांबरात भिजवलेल्या, वरून बारीक खडी चिकटवलेल्या पट्ट्या, माशाच्या खवल्यांसारख्या एकावर एक ठोकलेल्या. दिसायला छान, पण खाली माळा काळोखा. मग प्रत्येकाला छतात खिडकी हवी झाली.

सुरुवातीला आमच्या लोकांनी काय केले? शिंगलमध्ये चौकोनी भोक पाडले, वर काच ठेवली आणि भोवती सिलिकॉन फासले. एक पावसाळा टिकायचे. दुसऱ्या उन्हाळ्यात सिलिकॉन तडकायचे आणि नंतर गिऱ्हाइकाच्या सोफ्यावर धार. भाऊजी माणूस पाठवायचे, तो आणखी सिलिकॉन फासून यायचा. वर्षानुवर्षे हेच. मला हे बघवत नव्हते. कौलारू घरात वाढलेल्या कोणालाही कळते की वरचे कौल खालच्या कौलावर चढलेले असते आणि पाणी उतरून जाते. कौलांच्या फटीत कधी कोणी काही भरले नाही. छप्पर पाणी अडवत नाही, ते पाण्याला उतरायला वाट देते. एवढे एक तत्त्व, आणि ते या खिडकीला लावायचे कोणाच्या मनात येत नव्हते.

म्हणून मी चौकट काढली. तिच्यातले मुख्य ते सांगते, कारण तुमच्या डोक्यावरची चौकटही त्याच जातीची आहे. काच छपराच्या अंगाला चिकटून नको, वीतभर उंच कठड्यावर हवी. कठड्याच्या वरच्या बाजूला आडवी पन्हळ, म्हणजे उतारावरून धावत आलेले पाणी काचेवर आदळण्याआधी दोन बाजूंना फुटते. दोन्ही बाजूंना काटकोनात दुमडलेले छोटे छोटे पत्रे, शिंगलच्या प्रत्येक थराबरोबर एकेक विणत आणलेला. खालच्या बाजूला पत्र्याचा रुंद पदर, शिंगलच्या वर नुसता सोडलेला. आणि काचेच्या आत, चौकटीच्या खालच्या अंगाला एक बारीक नाली, तिचे पाणी बाहेर काढणारी तीन भोके. कारण कितीही केले तरी वाऱ्याने थोडे पाणी आत घुसतेच, शिवाय खोलीतली वाफ काचेला लागून तिचेही थेंब होतात. ते पाणी नालीत उतरावे आणि भोकांतून बाहेर जावे. म्हणून ती भोके आणि पदराची खालची कड कायम उघडी.

कारखान्याच्या अंगणात आम्ही छपराचा एक तुकडा उभा केला, त्यात ही चौकट बसवली. एक माणूस पाइपने पाणी मारायला, समोर मोठा पंखा वाऱ्यासाठी, आणि खाली खुर्ची टाकून तुमचे आजोबा, हातात वर्तमानपत्र. कागदावर थेंब पडला की ओरडायचे, असे ठरले होते. पहिल्या खेपेला ते ओरडले. मी बाजूच्या पत्र्यांच्या वरच्या कडेला मुडप घातली, साडीच्या काठाला घालतो तशी, म्हणजे वाऱ्याने वर चढलेले पाणी तिथून परत फिरेल. दुसऱ्या खेपेलाही ओरडले. मग काही दिवस मी पन्हळीची उंची बदलत राहिले. शेवटी एका दुपारी पाणी मारणारा दमला, पंखा तापला, आणि आजोबा पेपरची घडी घालून बाहेर आले. म्हणाले, "अग्रलेखसुद्धा वाचून झाला. आजवर एवढा वेळ मला कोणी दिला नव्हता."

मला त्या दिवशी फार आनंद झाला होता. भाऊजी दारात उभे राहून बघत होते. ते म्हणाले, "खालची भोकं राहिली का बुजवायची?"

"ती मुद्दाम ठेवलीत, भाऊजी. तिथूनच पाणी बाहेर जातं."

"हो हो," ते म्हणाले.

ते "हो हो" माझ्या कानात अजून आहे.

त्याच सुमारास एका ट्रस्टचे काम आले. हरसूलच्या पुढे डोंगरातल्या एका पाड्यावर ट्रस्टचा दवाखाना होता. तिथे बाळंतिणींसाठी नवी खोली बांधायची होती. देणगी देणारे गृहस्थ परदेशातले. त्यांना छपरावर शिंगलच हवी होती, त्यांच्या गावच्या घरांसारखी. त्या भागात पाऊस कसा पडतो, वादळात शिंगल टिकते का, हे त्यांना कोणी सांगितले नाही आणि त्यांनी विचारले नाही. ते जागा बघायला आले तेव्हा त्यांच्याशी इंग्रजी बोलायला कोणीतरी हवे म्हणून भाऊजी मला घेऊन गेले. एरवी नेले नसते.

पावसाळ्याचे दिवस होते. पाहुण्यांना छत्रीखाली फिरवून आणल्यावर मी जुन्या खोलीत डोकावले. भर दुपारी तिथे काळोख होता. आत एक लोखंडी टेबल, आणि एक सिस्टर स्टोव्हवर भांड्यात कात्र्या उकळत होती. सिस्टर मालेगावची. वडील यंत्रमागावर. ती कित्येक वर्षे या डोंगरात एकटी राहून बाळंतपणे करत होती. मी विचारले, "लाइट नाही का?"

"आहे ना ताई. पाऊस नसला की असते." ती हसली. "इथं पाऊस आला की लाइट जाते, आणि लाइट गेली की बाळं येतात. त्यांचं आपसात ठरलेलं आहे."

"मग तुम्ही करता कसं?"

तिने खिशातून एक बारीक बॅटरी काढली आणि दातांत धरून दाखवली. मग हातात घेऊन म्हणाली, "दोन्ही हात तर बाईपाशी पाहिजेत. धरणार कोण? बाईच्या सासूला धरायला दिली की ती घाबरून तोंड फिरवते, उजेड भिंतीवर. टाके मी असेच घालते."

बॅटरीच्या मागच्या टोकाला प्लॅस्टिकवर दातांचे व्रण होते. पार खोल गेलेले. मी ती हातात घेऊन बघत राहिले आणि मला संताप आला. बाहेर छत्रीखाली ती माणसे छपराचा रंग तपकिरी असावा की हिरवा यावर बोलत होती.

मी तिला म्हणाले, "नव्या खोलीत टेबलाच्या बरोबर वर मी छतात खिडकी करून देते. दिवसाउजेडी तुम्हाला बॅटरी लागणार नाही."

"आणि पाणी?"

"पाणी येणार नाही."

"उजेड पण देणार आणि पाणी पण येणार नाही? बघा हं ताई. ज्या भोकातून उजेड येतो त्यातून पाणी येतं, असंच आजवर बघितलंय मी."

"बघाल," मी म्हणाले. त्या खिडकीवर काय अवलंबून होते, ते मला तिथेच कळले. शोभेची वस्तू नव्हती ती. बाईला टाके घालताना सिस्टरला दिसणार की नाही, एवढाच प्रश्न होता.

त्या डोंगरात पावसाबरोबर वारा असतो म्हणून मी पन्हळ आणखी खोल केली, मुडप मोठी केली, आणि भोकेही थोडी मोठी, पेन्सिल जाईल एवढी ठेवली. खिडकी पाख्याच्या, म्हणजे छपराच्या उताराच्या, खालच्या भागात घेतली, म्हणजे शिडीवरून हात पोचेल. मे महिन्यात चौकट तयार झाली. मी म्हणाले, बसवताना मी येते. भाऊजी म्हणाले, "उन्हाचं डोंगरात कुठं येता मॅडम? कामाची माणसं आहेत आपली." त्या दिवशी जेवताना सगळ्यांच्या देखत मी त्यांना पुन्हा सांगितले की खालची तीन भोके आणि पदराची कड बुजवायची नाही. आमटी वाढत होते मी. त्यांनी मान वर न करता म्हटले, "हो हो. भात आण."

आता मे महिन्याबद्दल एक सांगायला हवे. आपल्याकडे पावसाआधी कौलारू घरांची शाकारणी करतात. छपरावर चढून कौले उतरवायची, फुटकी बदलायची, कचरा झाडायचा, पुन्हा नीट चढवायची. चांगली रीत आहे. पाण्याच्या वाटा मोकळ्या करण्याची ती रीत आहे. पण शिंगल उतरवता येत नाही. मग छपरावर चढलेल्या माणसाने करायचे काय? हात तर काही केल्यावाचून राहत नाहीत. म्हणून आमच्या कंत्राटदारांनी नवीच शाकारणी काढली होती. डांबराचा डबा आणि सिलिकॉनची नळी घेऊन वर जायचे आणि दिसेल ते भोक, दिसेल ती फट बुजवत यायची. खाली उतरून मालकाला सांगायचे, "एक फट ठेवली नाही, साहेब." मालक खूश. तुमच्या बाबाने फोनवर अगदी हेच शब्द वापरले. ऐकल्यावर मला काय झाले असेल, त्याची आता कल्पना करा.

भाऊजींनी माझी चौकट बसवली ती उत्तम बसवली. पत्रे विणले, पन्हळ चढवली. आणि मग स्वतः उभे राहून तीन भोकांत सिलिकॉन भरून घेतले आणि पदराच्या खालच्या कडेला डांबराचा जाड थर दिला. घरी येऊन त्यातले अक्षरही बोलले नाहीत.

जुलैत हरसूलच्या एसटीडी बूथवरून सिस्टरचा फोन आला. मागे पावसाचा आवाज. "ताई, तुमचा नळ सुरू झालाय. थेट टेबलावर."

मला खरे वाटेना. मी पुन्हा पुन्हा विचारत राहिले, कुठून पडते, वरच्या अंगाने की खालच्या. ती वैतागली. "अहो बाईच्या पोटावर पडतं! वरचं खालचं काय विचारता?"

भाऊजींनी माणूस पाठवला. तो आणखी सिलिकॉन भरून आला. पुन्हा फोन. पुन्हा माणूस, पुन्हा सिलिकॉन. तिसऱ्या वेळी भाऊजींनी निळी ताडपत्री पाठवून सगळी खिडकीच झाकून टाकली आणि दोरीने आवळली. पाणी थांबले. खोली काळोखी झाली, जुनीसारखीच. सिस्टरने बॅटरी पुन्हा दातांत धरली.

त्यानंतर ट्रस्टचे अध्यक्ष आमच्या घरी आले. मी चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर येत होते. भाऊजींचा आवाज ऐकू आला. "काय आहे साहेब, खिडकीचं डिझाइन घरातल्या बाईचं. हौसेनं काढलं होतं. आता घरच्या माणसाचं मन कुठं मोडायचं?" आणि दोघेही हसले. समजूतदारपणे हसले, ते जास्त वाईट.

मी ट्रे तसाच टीपॉयवर ठेवला, कप कोणाच्या हातात दिले नाहीत आणि आत निघून गेले. मागोमाग तुमचे आजोबा आले. म्हणाले, "जाऊ दे गं. दादा तसाच आहे."

तुमचे आजोबा चांगले गृहस्थ होते, त्यांना मी जीव लावला. पण या "दादा तसाच आहे" या वाक्यावर त्या घराचा अर्धा संसार चालला आणि त्याची किंमत नेहमी दुसऱ्या कोणी तरी मोजली. मी म्हणाले, "अहो, दादा कसे आहेत ते मला माहीत आहे. खिडकी कशी आहे ते मला बघायचंय. उद्या हरसूल. तुम्ही येणार नसाल तर मी एकटी जाते."

"पाऊस बघ केवढा आहे."

"पाऊस असतानाच बघायची असते."

सकाळच्या एसटीने आम्ही निघालो. रस्ताभर मी विणत होते. थोरल्या, तू तेव्हा नुकता जन्मला होतास आणि तिकडच्या थंडीसाठी तुझा स्वेटर माझ्या सुयांवर होता. हरसूलहून पुढे जीपने. पाड्यावर पोचलो तेव्हा आभाळ फाटल्यासारखा पाऊस, लाइट अर्थातच गेलेली, आणि दवाखान्याच्या पडवीत एका तरुण मुलीचे अख्खे घर बसलेले. मुलगी आत टेबलावर होती. पहिलटकरीण.

सिस्टर दारातच भेटली. रात्रभर जागलेले डोळे. "आलात? बरं झालं. ती निळी पीडा काढा आधी."

आजोबा म्हणाले, "अहो सिस्टर, आत्ता? काढली तर पाणी पडेल ना आतमध्ये."

"पडू दे. पुसता येतं पाणी. अंधार पुसता येतो का?" आणि ती आत गेली.

पडवीत शिडी होती. मी चपला काढल्या, साडीचा पदर खोचला आणि चढायला लागले. साठीला आलेली मी, वजन तुम्हाला माहीतच आहे. आजोबा "अगं, अगं" करत खाली. मुलीची सासू उठून शिडीचा एक पाय धरून उभी राहिली आणि म्हणाली, "चढ बाय, चढ. पडलीस तं माज्यावरच पडशील. मी लय जाड हाय."

दोरी सुटेना. आजोबांनी खालून विळा दिला, तो दिला याबद्दल मी त्यांना पुष्कळ माफ केले. दोरी कापून ताडपत्री ओढली, ती वाऱ्याने फडफडत खाली चिखलात गेली. काचेवरून पाणी धावत होते. आणि काचेच्या आत, चौकटीच्या नालीत, पाणी तुडुंब भरलेले मला बाहेरून दिसले. साठून, सांडून, आतल्या अंगाने टेबलावर उतरत होते. मी वाकून खाली पाहिले. जिथे माझी तीन भोके असायला हवी होती तिथे सिलिकॉनची तीन पांढरी, गुळगुळीत, नीट बोट फिरवून सारखी केलेली बुचे.

बोट फिरवून सारखी केलेली! निष्काळजीपणा मला समजू शकला असता. पण हे प्रेमाने, मेहनतीने केलेले होते, माझे सांगणे ऐकून मग केलेले होते. तेव्हा मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. सासूने ऐकले. ती खालून म्हणाली, "नाशिकच्या बायांना बी येतंय म्हणायचं."

"अहो," मी आजोबांना ओरडले, "माझ्या पिशवीतली विणायची सुई द्या!"

"कोणती?"

"कोणतीही! पाड्यावर आता कोणत्या सुईची आवडनिवड करू?"

त्यांनी सुई ओढून काढली, टाके सगळे निसटले. ती मी पहिल्या भोकात घातली, फिरवली, दाबली. सिलिकॉनचे बूच निघाले आणि त्यामागून पाण्याची बारीक धार जोरात सुटली, थेट माझ्या तोंडावर. दुसरे. तिसरे. मग सासूने चुलीपाशी जाऊन भाकरीचे उलथने आणून दिले, त्याने मी पदराच्या कडेचे डांबर खरवडले. तिथूनही पाणी निघाले, तपकिरी, आतल्या प्लायवूडचा रंग घेऊन आलेले. किती आठवडे तिथे कोंडले होते कोण जाणे.

नाली रिकामी होत गेली. पाऊस तसाच होता. मी काचेवर हात ठेवून ओरडले, "सिस्टर! पडतंय का?"

आतून मुलीचे ओरडणे तेवढे ऐकू येत होते. मी पुन्हा ओरडले.

"थांबलं!" आतून आवाज आला. "आणि ताई, काचेवरून हात काढा. सावली पडतेय माझ्यावर!"

मी हात काढला. शिडीवर भिजत उभी राहिले, उतरायचे सुचेना. बाळ थोड्या वेळाने आले. मुलगी झाली. त्यानंतर बराच वेळ सिस्टर टाके घालत होती, दोन्ही हातांनी, तोंड मोकळे ठेवून. ते तोंड मोकळे होते हे मला कळले, कारण ती सबंध वेळ त्या मुलीशी गप्पा मारत होती आणि मुलीच्या नवऱ्याची टिंगल करत होती.

घरी परतल्यावर मी कपडेही न बदलता भाऊजींसमोर उभी राहिले आणि सिलिकॉनची तीन बुचे त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती बोटाने ढकलून बघितली. "मग हे आधी नीट सांगायचं ना, मॅडम."

"दोनदा सांगितलं. तुम्ही भात मागितलात."

त्यानंतर छतातल्या खिडकीचे प्रत्येक काम बसवायला मी गेले, उन्हात, डोंगरात, जिथे असेल तिथे. विचारून नाही. जीपमध्ये पुढच्या सीटवर बसून. पाड्यावर तर दर मे महिन्यात. शाकारणीला डबा घेऊन आलेल्या माणसाच्या हातून मी डबा काढून घ्यायची आणि काडी द्यायची. भोके बुजवायची नाहीत, कोरायची. सुरुवातीला लोक हसले. मग दवाखान्याची शाकारणी म्हणजे काडी, हे तिथे ठरून गेले. गुडघ्यांनी मला थांबवल्यावर सिस्टर स्वतः शिडीवर चढत असे. ती सुई मी तिच्याकडेच ठेवली होती.

भाऊजींनी पुढे ती चौकट नगरपासून धुळ्यापर्यंत विकली. भाऊजी गेले तेव्हा दहाव्याला माणसे दाटली होती. एक बिल्डर उठून बोलला की भाऊंनी नाशिकला न गळणारी खिडकी दिली. मी बायकांत बसले होते. कोणीतरी माझ्याकडे बघून मान हलवली, किती मोठा माणूस गेला म्हणून. मीही मान हलवली. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, म्हणून तर त्या दिवशीचा राग अजून माझ्याकडे शिल्लक आहे आणि आज तो तुमच्या बाबाच्या वाट्याला आला.

सिस्टर निवृत्त होऊन मालेगावला गेली. जाताना नाशिकला येऊन भेटली. आता तिथे इन्व्हर्टर आहे, दिवे जात नाहीत. मी विचारले, "मग खिडकी?"

"नव्या सिस्टरला काडी कशी मारायची ते शिकवून आलेय. तिला म्हटलं, दिवा काय, दिवा नोकर आहे, कधी पण रजा टाकेल." आणि पर्समधून सुई काढून माझ्यासमोर ठेवली. मधे वाकलेली, टोकाला पांढरे सिलिकॉन अजून चिकटलेले. तिच्या जोडीची सुई माझ्याकडे होतीच, पण सरळ आणि वाकडी जोडी विणायला चालत नाही. थोरल्या, तुझा स्वेटर म्हणूनच कधी पुरा झाला नाही.

ती सुई मी तुम्हाला पाठवत नाही. ती माझी आहे. तुमच्याकडे एखादी जाड तार सापडेल. खिडकीच्या बाहेरच्या बाजूला, अगदी खाली, चौकटीला छोटी भोके असतील. बाबाने बुजवलेली. शिडी दोघांनी धरा, वर आईला चढू द्या, ती हलकी आहे आणि ऐकते. भोके मोकळी करा, पदराच्या कडेचे सिलिकॉन खरवडून काढा. पाऊस असेल त्या दिवशी करा, म्हणजे धार सुटलेली दिसेल.

बाबाला खाली गादीवर बसवा. हातात पेपर द्या.